हार्डविक हॉलच्या वास्तुरचनेविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यात, चेस्टरफील्ड शहरापासून काही मैलांवर, एका टेकाडाच्या माथ्यावर हार्डविक हॉल हा दगडी वाडा उभा आहे. 1590 ते 1597 या सात वर्षांत तो बांधून झाला. जवळच्या चॅट्सवर्थ या वाड्याची भव्यता पाहून आलेले पाहुणे इथे पोहोचतात तेव्हा पहिल्या दहा मिनिटांत जे प्रश्न विचारतात, आणि मग जिना चढून वर गेल्यावर जे विचारतात, त्यांची उत्तरे या पानावर दिली आहेत. विषय इमारतीपुरता ठेवला आहे. पडदे, भरतकाम आणि सामानसुमान यांचा उल्लेख केवळ तिथेच येईल, जिथे त्यांच्यामुळे भिंतीचे माप ठरले.

हा किल्ला आहे, राजवाडा आहे की राहते घर?

राहते घर. इंग्रज ज्याला ‘कंट्री हाउस’ म्हणतात तो उमरावाच्या जमीनजुमल्याच्या मध्यावर बांधलेला गावाकडचा वाडा असतो. भोवतालची कुळे, शेते, कुरणे, खाणी आणि जंगल यांच्या उत्पन्नावर तो चालतो आणि त्याच उत्पन्नाची जाहिरातही करतो. हार्डविकचे सहा मनोरे लांबून बुरुजांसारखे दिसतात खरे, पण त्यांना जंग्या नाहीत, वाड्याभोवती खंदक नाही आणि तळमजल्यापासून सगळीकडे काचेच्या खिडक्या आहेत. शत्रूची भीती असलेला माणूस असे घर बांधत नाही. ट्यूडर राजघराण्याच्या राजवटीत देशात जी शांतता नांदली तिच्यावर भरवसा ठेवूनच हे धाडस झाले.

पेशवाईतल्या वाड्याशी तुलना करायची झाली तर ती उलट्या अंगाने करावी लागते. आपला वाडा चौकाभोवती बसतो, रस्त्याला जवळजवळ कोरी भिंत आणि दिंडी दरवाजा दाखवतो आणि उजेड चौकातून घेतो. इंग्लंडमधली जुनी मोठी घरेही बरीचशी अशीच अंतर्मुख होती. त्याच परगण्यातला हॅडन हॉल दोन चौकांभोवती बांधलेला आहे. हार्डविकला मात्र मधला चौक नाही. सारे घर एका घट्ट आयतात कोंबलेले आहे, ते चारही बाजूंनी बाहेर पाहते आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे बाहेरच्यांनी आपल्याकडे पाहावे अशी त्याची इच्छा असते.

तो कोणी बांधवून घेतला?

एलिझाबेथ, श्रूझबरीची काउंटेस (म्हणजे ‘अर्ल’ या किताबाच्या उमरावाची पत्नी), जिला इतिहास ‘बेस ऑफ हार्डविक’ या नावाने ओळखतो. 1527च्या सुमारास ती याच टेकडीवरच्या एका मध्यम परिस्थितीतल्या घरात जन्मली. चार वेळा तिचे लग्न झाले आणि चारही वेळा ती विधवा झाली. दुसरे पती सर विल्यम कॅव्हेंडिश यांच्याबरोबर तिने चॅट्सवर्थची जमीन घेऊन तिथे पहिले मोठे घर उठवले. चौथे पती जॉर्ज टॅलबट, श्रूझबरीचे सहावे अर्ल, हे देशातल्या सर्वांत धनाढ्य उमरावांपैकी एक होते. त्यांचे आणि तिचे शेवटी इतके बिनसले की 1584 मध्ये ती चॅट्सवर्थ सोडून माहेरच्या या जागेवर परत आली. नवा वाडा राहायला तयार झाला तेव्हा, म्हणजे ऑक्टोबर 1597 मध्ये, तिने सत्तरी गाठलेली होती. 1608 मध्ये ती वारली. ज्या वयात माणसे गाशा गुंडाळतात त्या वयात तिने पाया खणायला घेतला, ही गोष्ट इमारत पाहताना विसरू नये.

शेजारी दुसरा पडका वाडा कसला आहे?

तोही तिचाच. माहेरी परतल्यावर तिने 1587 पासून तिथल्या जुन्या घराचा विस्तार सुरू केला, आणि ते काम पुरते होण्याच्या आतच, 1590 मध्ये, हाकेच्या अंतरावर नव्या वाड्याचा पाया घातला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात श्रूझबरीचे अर्ल वारले आणि विधवा म्हणून मिळणाऱ्या वाट्यामुळे तिच्या हाती पैशाचा ओघ सुरू झाला. दोन्ही इमारतींची बांधकामे काही वर्षे एकाच वेळी चालू होती.

जुना वाडा तुकड्यातुकड्यांनी वाढत गेला, म्हणून तो वेडावाकडा आहे; नवा वाडा एका आराखड्यावर एका दमात उभा राहिला. दोन्ही एकाच बाईचे, जवळजवळ एकाच दशकातले आणि बऱ्याच अंशी त्याच कारागिरांच्या हातचे असल्यामुळे आराखडा म्हणजे नेमके काय, हे समजून घ्यायला याहून चांगली जोडी सापडणार नाही. जुन्या वाड्याचे छप्पर गेले आहे, तरी वरच्या मजल्यांवरच्या शेकोट्यांच्या माथ्यावर गिलाव्यात उठवलेली प्रचंड चित्रे अजून उघड्या हवेशेजारी तग धरून आहेत. हे अवशेष ‘इंग्लिश हेरिटेज’ सांभाळते, तर नवा वाडा ‘नॅशनल ट्रस्ट’कडे आहे; दोन्ही जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्था.

आराखडा कोणाचा?

रॉबर्ट स्मिथसन याचा. हा मूळचा पाथरवट. विल्टशायरमधल्या लाँगलीट या वाड्यावर त्याने दगडकाम केले, नंतर नॉटिंगहॅमजवळचा वोलटन हॉल 1580 ते 1588 या काळात त्याच्या देखरेखीखाली झाला, आणि 1614 मध्ये तो वारला तेव्हा वोलटनच्याच चर्चमध्ये त्याला पुरले. आज आपण ज्याला आर्किटेक्ट म्हणतो तसा स्वतंत्र पेशा तेव्हा इंग्लंडमध्ये रुळलेला नव्हता. त्याला ‘सर्व्हेयर’ म्हणत. तो आराखडा देई, आणि पुढचे बरेच काही जागेवरचे मुकादम, पाथरवट आणि मालकीण मिळून ठरवत. हार्डविकच्या आराखड्याशी जवळचे नाते सांगणारे त्याचे रेखाटन लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्सच्या संग्रहात आहे.

त्याचा मुलगा जॉन हाही याच धंद्यात होता, आणि इथून काही मैलांवरच्या बोलसोव्हर किल्ल्याचे काम त्याने बेसच्या एका मुलासाठी, चार्ल्स कॅव्हेंडिशसाठी केले. एका घरातली दोन पिढ्यांची मालकी आणि दुसऱ्या घरातली दोन पिढ्यांची कारागिरी असा हा मेळ होता.

‘हार्डविक हॉल, भिंत कमी आणि काच फार’ असे म्हणतात. दगडी घर इतकी काच पेलते कसे?

या वाड्याविषयीचा हा सगळ्यांत चांगला प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर खिडक्यांकडे पाहून मिळत नाही. ते घराच्या पोटातल्या भिंतींत आहे.

दगडी बांधकामात बाहेरची भिंत मजल्यांचा आणि छपराचा भार वाहते, म्हणून तिला फार मोठी भोके पाडता येत नाहीत. त्यात त्या काळी शेकोट्या आणि त्यांची धुराडीही बहुधा बाहेरच्याच भिंतीत बसवत, म्हणजे खिडकीला उरलेली जागाही जायची. हार्डविकमध्ये शेकोट्या आणि धूर वर नेणारे नळ आतल्या जाड भिंतींत घातले. तुळयांची एक टोके त्याच भिंतींवर टेकतात. अशा रीतीने वजन आणि धूर ही दोन्ही जड कामे घराच्या कण्याने उचलल्यावर दर्शनी भिंत बरीचशी मोकळी झाली. मनोऱ्यांचीही यात मदत होते. सपाट लांबलचक भिंत जितकी डळमळीत, तितकी वळणे घेत जाणारी भिंत भक्कम. मनोरा पुढे आला की प्रत्येक कोपऱ्यात दोन भिंती एकमेकींना धरून ठेवतात. जाड कागद सरळ उभा राहत नाही, पण त्याला घड्या घातल्या की राहतो, तसेच हे आहे.

आता खिडकीपाशी जाऊन पाहावे. काचेची एवढी मोठी एकसंध तावदाने करणे तेव्हा शक्य नव्हते, म्हणून तळहाताएवढ्या तुकड्यांच्या कडा शिशाच्या खाचदार पट्ट्यांत बसवून जाळी केलेली आहे. ही जाळी मऊ असल्यामुळे वाऱ्याने वाकेल, म्हणून ती तारेने आडव्या लोखंडी गजांना बांधली जाते, आणि गज दगडी दांड्यांत रोवलेले असतात. उभ्या दांड्याला मुलियन आणि आडव्याला ट्रान्सम म्हणतात. हे दांडे केवळ चौकट नव्हेत. खिडकीच्या माथ्यावरचा दगड त्यांच्यावरच टेकतो. म्हणजे जिला आपण एक अवाढव्य खिडकी समजतो ती खरे तर बारीक दगडी खांबांची रांग आहे आणि खांबांच्या मधली जागा काचेने भरलेली आहे. तुकडे हाताने केलेल्या काचेचे असल्याने एकही अगदी सपाट नाही, म्हणून बाहेरून पाहताना उजेड खिडकीभर लकाकत हलतो.

इतकी काच लावायचे कारण काय? उजेडासाठी एवढी लागत नाही.

लागत नाही, हे बरोबर. सोळाव्या शतकात खिडकीची काच महाग होती, आणि टेकडीच्या माथ्यावरचे काचेचे घर मावळतीच्या उन्हात मैलोगणती दुरून चमके. त्याहून मोठी घोषणा कोणती करणार? बेसची गोष्ट इतरांहून थोडी वेगळी होती, कारण काचेची भट्टी, शिशाच्या खाणी, दगडाची खाण आणि इमारती लाकूड यांतले बरेच काही तिच्या स्वतःच्या किंवा तिच्या घराण्याच्या ताब्यात होते. इतरांना जे बाजारातून आणावे लागे ते तिच्या गाड्यांवरून येई.

सगळ्या खिडक्या खऱ्या आहेत का?

नाहीत. दर्शनी बाजू मधल्या रेषेभोवती तंतोतंत सारखी दिसली पाहिजे, हा त्या काळचा नवा ध्यास होता. आतल्या खोल्या मात्र गरजेप्रमाणे लहानमोठ्या आहेत. ही दोन गणिते जिथे जुळली नाहीत तिथे खिडकीमागे भिंत किंवा धुराडे आहे, आणि काही ठिकाणी बाहेरून एकच वाटणारी उंच खिडकी आत दोन मजल्यांत वाटली गेली आहे. कोणी याला फसवणूक म्हणेल. आमच्या मते ही तडजोड प्रामाणिक आहे, कारण बाहेरून कोणते घर दिसावे आणि आत कोणते घर चालावे हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे स्मिथसनने ओळखले होते.

वरच्या मजल्याच्या खिडक्या खालच्यांपेक्षा मोठ्या का आहेत?

कारण वर जाल तशी योग्यता वाढते. बहुतेक घरांत उलटे असते, वरचे मजले ठेंगणे आणि माळ्यावर नोकर. हार्डविकमध्ये तळमजला बुटका आहे, तिथे स्वयंपाकघर आणि नोकरचाकरांच्या कामाच्या खोल्या आल्या. पहिल्या मजल्यावर बेस आणि तिचे कुटुंब राहत असे, तिथली छते मध्यम उंचीची आहेत. दुसऱ्या मजल्यावर समारंभाची दालने, आणि त्यांची उंची सर्वांत जास्त. खिडक्यांची उंची या क्रमानेच वाढत जाते. त्यामुळे अंगणात उभ्या राहणाऱ्या माणसाला दारातून आत न शिरताही घराची उतरंड वाचता येते, आणि आपल्याला कोणत्या मजल्यापर्यंत जाऊ देतील याचा अंदाजही बांधता येतो.

दारातून शिरताच लागणाऱ्या मोठ्या दालनात विशेष काय आहे?

त्याची दिशा. मध्ययुगीन इंग्रजी घरात हे दालन, ज्याला ‘ग्रेट हॉल’ म्हणत, दर्शनी बाजूला समांतर आडवे पसरलेले असे. पाहुणा त्याच्या एका टोकाला, लाकडी आडोशाआड शिरे आणि वळून दालनात येई. अशा रचनेत मुख्य दार कधीच मध्यावर येत नाही, म्हणून दर्शनी बाजू सारखी करणे अशक्य होते. हार्डविकमध्ये दालन नव्वद अंशांत फिरवून घराच्या बरोबर मध्यातून समोरून मागे काढले आहे. असे करणारी ही इंग्लंडमधली अगदी सुरुवातीच्या घरांपैकी एक. दार मध्यावर आले, दोन्ही बाजूंना खोल्या सारख्या वाटल्या गेल्या आणि सममितीचा प्रश्न सुटला.

हा बदल निव्वळ भूमितीचा नव्हता. पूर्वी मालक आपल्या सगळ्या परिवारासह याच दालनात जेवत असे. बेसच्या काळापर्यंत मालक मंडळी वर निघून गेली होती आणि इथे नोकर जेवत आणि थांबत. दालनाचे रूपांतर हळूहळू प्रवेशाच्या खोलीत होत होते, आणि आज ‘हॉल’ हा शब्द आपण मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये ज्या अर्थाने वापरतो त्याचीही वाट इथूनच पुढे गेली आहे. शेकोटीच्या वर गिलाव्यात उठवलेले दोन मोठे सांबरशिंगे हरण बेसच्या कुलचिन्हाला दोन्ही बाजूंनी धरून उभे आहेत.

जिना इतका लांबण लावून का जातो?

कारण चढण्यातच समारंभ आहे. रुंद, कमी उंचीच्या दगडी पायऱ्या कधी सरळ, कधी वळण घेत, मध्येच एखाद्या मोठ्या थांब्यावर विसावत घराच्या आतून वर जातात. थकवा येत नाही, पण पुढच्या वळणावर काय आहे हे कळत नाही. अखेरीस त्या थेट मोठ्या दालनाच्या दाराशी पोहोचतात. पायऱ्यांच्या कडा चारशे वर्षांच्या पावलांनी मधोमध झिजून खोलगट झाल्या आहेत. उतरताना हात भिंतीला लावून उतरावे.

या वाटेने ताटेही जात. स्वयंपाकघर तळमजल्यावर घराच्या एका टोकाला आणि पाहुण्यांचे जेवण सर्वांत वरच्या मजल्यावर, त्यामुळे पदार्थ मिरवणुकीने, दालनातून आणि सबंध जिना चढून वर नेले जात. ते गरम पोहोचत असतील असे मानायला फारसा आधार नाही. मान आधी, चव नंतर, असा तो हिशेब होता.

‘हाय ग्रेट चेंबर’ कशामुळे प्रसिद्ध आहे?

जिना जिथे संपतो ते हे दालन. इथे बसून बेस पाहुण्यांना भेटे आणि इथेच मेजवान्या होत. भिंतींच्या खालच्या भागावर ग्रीक वीर युलिसिसच्या कथेचे विणलेले पट आहेत. हे पट बेसने 1587 मध्ये, म्हणजे नव्या वाड्याचा पाया पडण्याच्या आधी विकत घेतले होते, आणि दालनाच्या भिंतीची उंची त्यांना धरून आखली गेली. कापडाच्या मापाने दगड ठरला, असे क्वचितच घडते.

पटांच्या वर छतापर्यंत एक रुंद पट्टा आहे, आणि वाड्यातली सर्वांत लोभस गोष्ट ती हीच. अब्राहम स्मिथ या कारागिराच्या देखरेखीखाली गिलाव्यात जंगल उठवून रंगवलेले आहे: झाडांचे बुंधे, त्यांतून डोकावणारी हरणे, शिकारी आणि मध्यभागी सख्यांसह बसलेली वनदेवता डायना. कुमारी देवता डायना म्हणजे अविवाहित राणी एलिझाबेथ, हा संकेत तेव्हाच्या कोणत्याही पाहुण्याला सांगावा लागत नव्हता. रंग आता फिके झाले आहेत, तरी दुपारी ऊन तिरपे आले की बुंध्यांच्या सावल्या गिलाव्यावर पडतात आणि ते रान दोन बोटे पुढे आल्यासारखे वाटते. राणी मात्र कधीच आली नाही.

लाँग गॅलरीचा उपयोग काय होता?

चालण्याचा. पाऊस आणि चिखल यांच्या देशात घरातल्या घरात शतपावली घालता यावी, गप्पा माराव्यात, भिंतीवरची चित्रे पाहावीत, यासाठी अशा दीर्घ खोल्या बांधत. हार्डविकची गॅलरी पूर्वेकडच्या सबंध बाजूने धावते. तिची लांबी सुमारे 50 मीटर आणि उंची सुमारे 8 मीटर आहे.

तिच्या भिंतीवर बायबलमधल्या गिडिअनच्या कथेचे 13 पट आहेत. प्रत्येक सुमारे 6 मीटर उंच. राणी एलिझाबेथचे लॉर्ड चान्सलर सर ख्रिस्तोफर हॅटन यांच्या मृत्यूनंतर बेसने ते त्यांच्या वारसाकडून 1592 मध्ये 326 पौंड 15 शिलिंग 9 पेन्सला घेतले, आणि त्यांवरची हॅटनची कुलचिन्हे बदलावी लागतील म्हणून 5 पौंड सूट मिळवली. मग तिने आपली चिन्हे रंगवलेल्या कापडाचे तुकडे त्या जागी लावले आणि हॅटनच्या हरिणींना शिंगे रंगवून त्यांचे आपल्या घराण्याचे हरण केले. पैसेही वाचले, पटही सजले. या 13 पटांची स्वच्छता आणि डागडुजी अलीकडे 24 वर्षे चालली आणि 2023 मध्ये संपली, म्हणजे वाडा बांधायला लागला त्याच्या तिपटीहून अधिक काळ.

दगड कोणता आणि कुठून आला?

वालुकाश्म, आणि तो याच टेकडीच्या उतारावरच्या खाणीतून काढला. मूळ रंग पिवळसर करडा. महाराष्ट्रात आपली सवय काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्टची, जो टणक असतो आणि बारीक कोरीव कामाला सहज दाद देत नाही. वालुकाश्म वाळूच्या थरांचा बनलेला असल्यामुळे घडवायला सोपा जातो, पण त्याची एक अट असते: खाणीत तो जसा आडवा पहुडलेला होता तसाच भिंतीत बसवावा लागतो. थर उभे करून बसवला की पाणी आणि हिमाने त्याचे पापुद्रे पुस्तकाच्या पानांसारखे सुटू लागतात. पाथरवटाची नजर म्हणजे मुख्यतः हा थर ओळखणे.

दगडकामाचा मोठा भाग जॉन आणि क्रिस्टोफर रोड्स या कारागिरांकडे होता. बेसच्या बांधकामाच्या हिशेबवह्या टिकून राहिल्या आहेत, म्हणून ही नावे आपल्याला माहीत आहेत. एरवी त्या काळच्या गवंड्यांची नावे कोण लिहून ठेवतो? शेकोट्यांचे अलाबास्टर या मऊ, फिकट दगडाचे आणि काळ्या दगडाचे नाजूक काम टॉमस ॲकर्स याच्या हातचे आहे. बाहेरून दिसणारे दगड सफाईने घडवून बारीक सांध्यांत बसवलेले आहेत आणि जोडणी चुन्याची आहे. चुना ओला असताना गोठला तर भुसभुशीत होतो, म्हणून अशी कामे मुख्यतः उबदार महिन्यांत करत आणि हिवाळ्यात अर्धवट भिंतींचे माथे गवताने झाकून ठेवत.

एवढ्या काचेत थंडी वाजत नसे का?

वाजत असे, आणि भरपूर. 1601 मध्ये घरातल्या सामानाची एक सविस्तर यादी केली गेली. तिच्यात बेसच्या स्वतःच्या झोपायच्या खोलीतल्या खिडक्यांवर आणि दारावर टांगायच्या जाड गोधड्या नोंदवलेल्या आहेत, शिवाय पलंगावरची पांघरुणे वेगळी. देशातल्या सर्वांत उजळ घराची मालकीण रात्री त्याच खिडक्या गोधड्यांनी बुजवून, पलंगाचे पडदे ओढून झोपत असे. भिंतीवरचे लोकरी पट शोभेइतकेच उबेसाठीही होते.

मनोऱ्यांच्या माथ्यावर ‘ई एस’ ही अक्षरे का आहेत?

एलिझाबेथ श्रूझबरी. दगडी वेलबुट्टीत ही अक्षरे आणि वर काउंटेसचा मुकुट असे नक्षीकाम सहाही मनोऱ्यांवर आकाशाच्या पार्श्वभूमीवर उठून दिसते. इमारतीवर आद्याक्षरे कोरण्याची प्रथा तेव्हा होती, पण सहसा ती दाराच्या किंवा शेकोटीच्या वर, हाताच्या अंतरावर असत. ती अशी परगणाभर दिसतील एवढी मोठी करणे हा बेसचा स्वभाव. शिशाच्या पत्र्याने मढवलेल्या सपाट छपरावर पाहुणे फिरायला जात आणि एका मनोऱ्यातल्या खोलीत जेवणानंतरची मिठाई, फळे आणि मद्य यांची छोटी बैठक होई. त्या काळी ‘बँक्वेट’ म्हणजे हे गोडाधोडाचे शेवटचे ताट. मोठी मेजवानी हा अर्थ त्याला नंतर चिकटला.

स्कॉटलंडची राणी मेरी इथे कैदेत होती ना?

नाही. मेरीला 1587 मध्ये मृत्युदंड झाला आणि या वाड्याचा पाया 1590 मध्ये पडला. गोंधळ का होतो तेही सांगितले पाहिजे: 1569 पासून 1584 पर्यंत तिच्यावरच्या पहाऱ्याची जबाबदारी बेसचे पती श्रूझबरी यांच्याकडे होती, बेस आणि मेरी यांनी एकत्र भरतकामही केले, आणि वाड्यातल्या एका खोलीला मेरीचे नाव आहे. खोलीला नाव असले तरी राणीने तिच्यात पाऊल टाकलेले नाही.

वाडा इतका जसाच्या तसा कसा उरला?

दुर्लक्षामुळे. बेसचा मधला मुलगा विल्यम कॅव्हेंडिश याच्या वंशात पुढे डेव्हनशायरचे ड्यूक झाले. त्यांनी आपला मुक्काम आणि पैसा चॅट्सवर्थवर लावला, तिथे पाडापाडी आणि नवी बांधकामे केली. हार्डविक हे दुय्यम घर राहिले, म्हणून त्याच्यावर प्रत्येक शतकाच्या आवडीचा हात फिरला नाही. तत्त्वज्ञ टॉमस हॉब्ज या घराण्याच्या पदरी होता. तो 1679 मध्ये इथेच वारला.

1950 मध्ये दहावे ड्यूक वारल्यावर वारसाकर इतका बसला की कुटुंबाने हा वाडा कराच्या बदल्यात सरकारला दिला, आणि 1959 मध्ये तो नॅशनल ट्रस्टकडे आला. तिथे राहणारी शेवटची मालकीण, डचेस एव्हलिन, स्वतःच्या हाताने जुने पट आणि कापडे दुरुस्त करत असे. ती 1960 मध्ये वारली.

देखभालीत सर्वांत अवघड काय?

वालुकाश्म. कोळशाच्या खाणी आणि गिरण्या यांच्या परिसरात चारशे वर्षे उभे राहिल्याने दगड काळवंडला आहे आणि धुरातल्या आम्लाने त्याचा वरचा थर खाल्ला आहे. झिजलेला दगड बदलावा की तसाच सोडावा हा प्रत्येक वेळचा वाद असतो. एक गोष्ट मात्र ठरलेली आहे: सांधे चुन्यानेच भरायचे. सिमेंट दगडापेक्षा कठीण आणि घट्ट असते, त्यामुळे भिंतीत शिरलेले पाणी सांध्यातून बाहेर पडण्याऐवजी दगडातूनच वाट काढते आणि दगड फुटतो. महाराष्ट्रातल्या जुन्या देवळांच्या आणि वाड्यांच्या सिमेंटने केलेल्या ‘दुरुस्त्या’ ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

या परगण्यातल्या दगडी घरांचा भारताशी काही संबंध आहे का?

हार्डविकचा थेट नाही. डर्बीशायरमधल्याच केडलस्टन हॉलचा मात्र आहे: कोलकात्याचे गव्हर्नमेंट हाउस, जे 1803 मध्ये पूर्ण झाले, ते केडलस्टनच्या नमुन्यावर बांधले गेले. तो वाडा हार्डविकनंतर दीडशेहून अधिक वर्षांचा आणि निराळ्या घडणीचा आहे, पण एकाच सहलीत दोन्ही पाहता येतात.

कसे जावे आणि काय आधी पाहावे?

लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकावरून गाडीने चेस्टरफील्डला यावे आणि पुढे टॅक्सी करावी. मोटारीने येणाऱ्यांना एम-1 महामार्गाचा 29वा फाटा जवळचा आहे. उघडण्याच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, त्या निघण्यापूर्वी नॅशनल ट्रस्टच्या संकेतस्थळावर पाहाव्यात. वरचा मजला सकाळी पाहून घ्यावा, कारण पूर्वेकडच्या गॅलरीत तेव्हा उजेड असतो. नंतर जुन्या वाड्याचे अवशेष चढून जावे, आणि शरद ऋतूतल्या निरभ्र दिवशी आला असाल तर परत निघण्याआधी पश्चिमेकडच्या अंगणात दरवाजाच्या कमानीपाशी पाठ टेकून थांबावे, म्हणजे ऊन उतरताना खिडक्या एकेक करून पेटताना दिसतील.